चवड्यांवरचे गाणे

रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलेला माणूस स्वतःच्याच घरात चोरासारखा चालतो. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक फरशी डुगडुगते, ती ओलांडण्यासाठी मी दोन पावलांचे अंतर एका पावलात घेतो, टाच टेकू देत नाही आणि तोल सांभाळायला हात किंचित पसरतो. या चालीला कोणी नृत्य म्हणणार नाही, असेच मला वाटत होते. पण दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांच्या एका गायनप्रकाराचे नावच या चालीवरून पडले आहे, हे कळल्यापासून मी ती फरशी जरा ऐटीत ओलांडतो.

त्या प्रकाराचे नाव इसिकाथामिया. मांजरासारखे दबकत चालणे, असा अर्थ असलेल्या क्रियापदापासून ते आले आहे. देवनागरीत मात्र ते नीट लिहिता येत नाही, कारण त्यातल्या ‘का’च्या जागी खरे तर जीभ दातांमागून सोडवून काढलेला आवाज आहे. हळहळताना आपण ज्याला चुकचुकणे म्हणतो, तोच तो आवाज. आपण तो दुसऱ्याच्या दुःखासाठी राखून ठेवला आहे. झुलू भाषेत ते एक साधे व्यंजन आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींत आणि कारखान्यांत राबायला गावाकडून आलेले पुरुष बायकामुलांना मागे ठेवून वसतिगृहांत राहत. आठवडाभराचे काम संपले की शनिवारी रात्री ते एकमेकांशी स्पर्धा लावून गायला उभे राहत, ते रविवार उजाडेपर्यंत. पहारेकऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून पावले चवड्यांवर पडू लागली, असे हे गायक सांगतात. या गाण्याचे एक मूळ अमेरिकेतही सापडते. ऑर्फिअस मॅकडू हा कृष्णवर्णीय गायक 1890 मध्ये आपला संच घेऊन केपटाउनला उतरला आणि त्याने गुलामगिरीत जन्मलेली भक्तिगीते अनेक स्वरांच्या मेळात तिथे ऐकवली. चर्चच्या प्रार्थना, लग्नातली झुलू गाणी आणि हा पाहुणा मेळ यांतून जे तयार झाले, ते आधी चांगलेच दणदणीत होते. त्याला दबकायला शिकवणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव जोसेफ शबालाला यांचे.

शबालाला लेडीस्मिथ गावाजवळच्या शेतमळ्यावर वाढले आणि पोटासाठी डर्बनच्या कारखान्यात आले. 1964 मध्ये कित्येक महिने त्यांना एकच स्वप्न पडत राहिले. त्यात मुलांचा एक मेळा अगदी जुळलेल्या सुरांत गात असे. जागे झाल्यावर ते सूर सोबत्यांच्या गळी उतरवण्याचा त्यांनी ध्यास घेतला. आपल्या संचाचे नाव त्यांनी लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझो असे ठेवले: गाव आपले, काळा रंग नांगराच्या बलदंड बैलांचा, आणि मंबाझो म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना तोडून काढणारी कुऱ्हाड. इतके दांडगे नाव घेऊन इतके मऊ गाणे कोणी गाइले असेल, असे मला वाटत नाही. दोन-तीन आवाज वर आणि बाकीचे सगळे खर्जात, अशी त्यांची मांडणी असे. हा खर्ज गडगडत नाही, दुसऱ्या खोलीत कोणी सतरंजी पसरावी तसा येतो.

या स्पर्धांचा न्यायनिवाडाही मोठा गमतीचा होता. ओळखीचा परीक्षक नेमला तर पक्षपात होणार, म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या गोऱ्या माणसालाच आत आणून बसवत. त्याला ना भाषा कळे, ना गाणारे ठाऊक असत. बक्षीस कधीकधी एक बकरी. मंबाझो इतक्या वेळा जिंकू लागले की शेवटी त्यांना स्पर्धेत उतरायलाच मनाई झाली; त्यांनी गावे, पण क्रमांक मागू नये, असे ठरले.

पुढची कीर्ती बहुतेकांना ठाऊक आहे. 1973 मध्ये पहिली तबकडी निघाली, 1986 मध्ये अमेरिकी गायक पॉल सायमन यांच्याबरोबर गाणे झाले, संगीतातले एकूण पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले आणि 1993 मध्ये नेल्सन मंडेला नोबेल स्वीकारायला ऑस्लोला गेले, तेव्हा हे गायकही बरोबर होते. मला त्याच वर्षीची एक दुसरी गोष्ट अधिक ओढून घेते. एका धर्मोपदेशकाच्या कोवळ्या मुलाने वर्णद्वेषाच्या काळात बॉम्बस्फोट घडवला, त्या मुलावरचे नाटक तेव्हा ब्रॉडवेवर आले आणि त्यात या संचाने ग्रीक नाटकातल्या वृंदासारखे काम केले. शबालाला स्वतः धर्मोपदेशक होते. अशा माणसाने त्या मुलाच्या कहाणीभोवती रोज रात्री सुरांचे कडे करून उभे राहायचे, याला निव्वळ अभिनय म्हणावे का, हे मला ठरवता येत नाही.

11 फेब्रुवारी 2020 रोजी ते गेले. त्यांची मुले संचात गात होतीच. जुन्या चित्रफितींत शबालाला पाय डोक्याच्या उंचीपर्यंत झटकन उडवतात आणि पाऊल परत जमिनीवर येते, तेव्हा काहीही ऐकू येत नाही.

परवा रात्री अशीच एक चित्रफीत आवाज बारीक करून पाहून झाली आणि फरशी ओलांडता ओलांडता मी तो शब्द नीट उच्चारण्याचा सराव करू लागलो. तिसऱ्यांदा जीभ दातांमागून बरोबर सुटली, आणि आतल्या खोलीतून झोपाळलेला आवाज आला, “अहो, पाल आहे का तिथे?”