पाच मिनिटांची किटली

मी जलरंग शिकवतो. हात मोकळा व्हावा म्हणून जे येतात, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते: चित्र बरोबर येते, पण त्यात जीव नसतो. त्या दिवशी आलेल्या बाईंचे प्रकरण अधिक अवघड होते, कारण अचूकपणा हाच त्यांचा व्यवसाय होता. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांसाठी त्यांनी अनेक वर्षे पानाफुलांची चित्रे काढली होती, आणि शून्य नंबरच्या बारीक ब्रशने पानाची शीर न शीर रंगवणाऱ्या माणसाला ‘जरा सैल सोडा’ असे नुसते सांगून काही होत नाही.

टेबलावर ॲल्युमिनियमची किटली, एक वाटी आणि दोन लिंबे मांडून मी एका बाजूने दिवा लावला. एकाच आकाराच्या कागदांवर तेच स्थिरचित्र ४०, २०, १० आणि ५ मिनिटांत, असे चार वेळा करायचे होते.

पहिले चित्र अपेक्षेप्रमाणे सुबक झाले. दुसरे म्हणजे त्याचीच घाईघाईने केलेली नक्कल होती. तिसऱ्यात तर १० पैकी ७ मिनिटे किटलीच्या तोटीवर आणि कडीवर गेली, लिंबे पेन्सिलीतच राहिली, आणि अर्धवट ओल्या रंगावर पुन्हा पुन्हा ब्रश फिरल्यामुळे सावलीचा चिखल झाला. ‘‘मला यातून फक्त धडधड शिकायला मिळते आहे,’’ त्या म्हणाल्या.

चूक माझी होती. वेळ कमी केला की तपशील आपोआप गळतो, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ब्रश तोच आणि पद्धत तीच राहिली, तर माणूस तेच काम धापा टाकत करतो. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंट १८८५ आणि १८८६ मध्ये ‘कार्नेशन, लिली, लिली, रोझ’ हे चित्र रंगवत असताना संध्याकाळचा हवा तो उजेड जेमतेम काही मिनिटे टिकत असे. पण ईझल, कॅनव्हास, फुले अशी सगळी मांडामांड तो आधीच करून ठेवी. हा किस्सा मी वर्गात कितीतरी वेळा सांगितला आहे, आणि त्यातला हा दुसरा भाग मीच विसरलो होतो.

मग मी घड्याळ पालथे ठेवले. पेन्सिल आणि बारीक ब्रश बाजूला काढून एक इंची चपटा ब्रश त्यांच्या हाती दिला, तो दांड्याच्या टोकाला धरायला सांगितले आणि उभे राहून काम करायला लावले, म्हणजे हालचाल मनगटाऐवजी खांद्यातून येते. डोळे किलकिले करून पाहिले की बारकावे पुसट होतात आणि उजेड, मधला टोन व गडद असे तीनच गट उरतात. ते त्यांनी काडेपेटीएवढ्या चौकटीत मांडले, आणि त्यासाठी वेळेचे बंधन नव्हते. रंग दोनच घेतले, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना, कारण त्यांच्या मिश्रणातून उबदार तपकिरीपासून थंड राखाडीपर्यंत सगळे मिळते. रंग आधीच भरपूर कालवून ठेवला. (हे मी एरवीही सांगतो, आणि एरवी कोणी ऐकत नाही.)

घड्याळ पुन्हा सरळ केले आणि पाच मिनिटे सुरू झाली. किटलीची अंधारी बाजू आणि तिची टेबलावरची सावली पहिल्याच फटक्यात एक होऊन उतरली. मध्ये कड उरलीच नाही. गडद रंग मागच्या ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या थरात, पसरू लागला, तसा त्यांचा हात सवयीने टिपकागदाकडे गेला आणि घड्याळाकडे पाहून परत आला. माझ्या मते घड्याळाचा खरा उपयोग झाला तो एवढाच: दुरुस्तीला वेळ उरला नाही. कडी त्यांनी रंगवलीच नाही. तिच्यामागची गडद जागा भरली, आणि कोऱ्या कागदाची कडी उभी राहिली. लिंबांना एकेकच फटका मिळाला. ती तपकिरी झाली, तरी लिंबेच वाटत होती.

चौथे मिनिट सुरू होताच त्यांनी ब्रश पाण्यात टाकला. मी वेळ शिल्लक असल्याचे सांगितले.

‘‘माहीत आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण आता हात लावला तर बिघडेल.’’

दुपारी त्यांनी स्वतःहून पुन्हा ४० मिनिटांचे चित्र करायला घेतले. अर्ध्या तासाहून अधिक वेळ चपटा ब्रशच चालला. शेवटी त्यांनी आपला शून्य नंबरचा ब्रश मागितला आणि एका लिंबाचे देठ रंगवले. दुसऱ्याचे तसेच सोडून दिले.