दालचिनीच्या पानांचं तेल आणि तांब्याचं वेटोळं

दापोलीजवळच्या आमच्या बागेत नारळांच्या सावलीला ‘कोकण तेज’ दालचिनीची झाडं आहेत. साल काढायला फांद्या तोडल्या की पानांचा ढीग उरतो, आणि तो आम्ही वर्षानुवर्षं नारळाच्या आळ्यात टाकत आलो. पान चुरगाळलं की लवंगेसारखा वास येतो, कारण दोन्हींच्या तेलात युजेनॉल हे वासाचं द्रव्यच मुख्य. हे तेल मातीत जाताना मला बघवत नव्हतं.

तेल काढायची रीत मोदकपात्रासारखीच. स्टीलच्या दुधाच्या कॅनमध्ये खाली पाणी, वर चाळणीत पानं. झाकणाच्या कडेला कणीक लिंपायची. वाफ कोंडलीच तर आधी कणीक सुटते, म्हणून मला ती रबरापेक्षा भरवशाची वाटते. खरा प्रश्न होता वाफ थंड करायचा. लोखंडाची नळी घेतली तर युजेनॉल काळवंडतं. म्हणून एसीवाल्यांकडे मिळते ती तीन सूत (३/८ इंच) तांब्याची मऊ नळी पाच मीटर आणली.

पहिलं वेटोळं मी सहा इंची पीव्हीसी पाइपवर तसंच गुंडाळलं आणि दुसऱ्याच वळणावर नळी चेपली. तेवढा तुकडा कापून टाकला. मग बारीक रेती गोड्या पाण्यानं धुऊन तव्यावर कोरडी होईपर्यंत भाजली, नळीत ठोकून ठोकून भरली आणि दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारल्या. वाकवून वाकवून तांबं ताठरतं. तसं झालं की ते लालसर होईपर्यंत तापवायचं आणि गार करायचं, पुन्हा मऊ होतं. अशी आठ वळणं बसली, सगळी उतरती. मध्ये कुठे झोळ राहिला तर तिथे पाणी साचतं आणि वाफ धक्के देत येते. रेती झाडून काढली, नळी आतून धुतली आणि पहिल्यांदा नुसत्या पाण्याची वाफ सोडली. ते पाणी फेकून दिलं.

वेटोळं वीस लिटरच्या बादलीत उभं केलं. वाफ वरून आत, पाणी खालून बाहेर. अर्धा तास छान धार पडली, मग खालच्या तोंडातून वाफच यायला लागली आणि वासाबरोबर तेलही निघून चाललं. संध्याकाळी हिशेब केला. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता सुटते. म्हणजे एक लिटर अर्क पडेपर्यंत बादलीतलं सगळं पाणी २७ अंशांनी तापणार. आमच्या विहिरीचं पाणी मुळातच २८ अंशांचं.

मी बादली उपसून नवं पाणी ओतत बसलो होतो. आत्यानं हात घालून पाहिला. “अरे, वर कढत आहे आणि तळाला अजून गार. बंबासारखं कर ना!” आमच्या जुन्या बंबात गार पाणी नरसाळ्यातून तळाशी उतरतं आणि कढत पाणी वरच्या तोटीतून पडतं. मी तेच केलं. बादलीच्या तळाला टँक निपल, म्हणजे टाकीला नळी जोडायचा तुकडा, बसवून विहिरीच्या पाण्याची नळी जोडली आणि काठाखाली भोक पाडून कढत पाणी बाहेर काढलं. वरून ६० अंशांचं पाणी जाऊ दिलं तर लिटरभर अर्काला वीसेक लिटर पाणी पुरतं. सगळी बादली गार ठेवायच्या नादात त्याच्या दुपटीहून जास्त लागत होतं. एप्रिलमध्ये विहीर खाली गेलेली असते, तेव्हा हा फरक मोठा. शिवाय आंघोळीचं पाणी तयार.

अर्क दुधासारखा पांढुरका आला. तेल वर तरंगेल म्हणून मी बाटलीच्या तोंडाशीच बघत राहिलो. ते तळाशी पिवळसर थेंबांनी जमत होतं, कारण दालचिनीच्या पानांचं तेल पाण्यापेक्षा जड. तीन किलो पानांचे तीन-साडेतीन चमचे निघाले. आत्यानं थेंबभर मनगटाला चोळला आणि म्हणाली, “उद्या उरलेली पानं सावलीत पसरून ठेव.”