जुने जवान तुमचे ऐकतात का?

हा प्रश्न मला, अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्याला, लग्नकार्यात, सोसायट्यांच्या तपासणीला गेल्यावर, एवढेच काय, नव्याने बदलून आलेल्या सहकाऱ्यांकडूनही ऐकावा लागतो. वयाने वीस वर्षे मोठे जवान तुमच्यासारख्या तरुण अधिकाऱ्याचे ऐकतात का? ‘ऐकतात’ एवढेच मी आजवर सांगत आलो. ते खरे आहे, आणि तेच मला खुपते.

उप-अधिकारी म्हणून पुण्यात रुजू झालो तेव्हा माझे ठाम मत होते की घटनास्थळी आदेश एकाचाच चालावा आणि दिलेला आदेश बदलला की अधिकाऱ्याचा वचक गेला. यातले पहिले अर्धे मत मी आजही सोडलेले नाही.

पेठेतल्या एका वाड्याला पहाटे आग लागली. गल्ली इतकी अरुंद होती की गाडी तोंडाशीच थांबवून पाण्याचा होज आत न्यावा लागला. पहिला मजला पेटला होता आणि गर्दीतून कुणीतरी ओरडले, “आजी वर आहेत!” मी दोन जवानांना धुरात श्वास घेण्यासाठीचे बी. ए. सेट लावून जिन्याने वर जायला सांगितले. आमचे तांडेल, म्हणजे जवानांचे म्होरके, ज्यांना सारे केंद्र मामा म्हणते, भिंतीवर तळहात टेकवून म्हणाले, “साहेब, जिना नको. बाहेरून शिडी लावू, दोन मिनिटं लागतील.” माझ्या बॅटरीच्या उजेडात पायऱ्या शाबूत दिसत होत्या. जाड सागवान वरून कोळसा होते तरी आत बराच वेळ टिकते, हे मी शिकलो होतो आणि ते चूकही नाही. पण मामा लाकडाकडे पाहतच नव्हते. जिन्याची तुळई जिथे टेकली होती, ती पांढरीच्या मातीची भिंत आमच्याच पाण्याने भिजून फुगली होती. मी म्हणालो, “मामा, आदेश दिलाय.” जवान पाच-सहा पायऱ्या चढले असतील, तोच जिना भिंतीतून निखळून खाली आला. एकाच्या मांडीचे हाड मोडले. आजी शेजारच्या ओट्यावर शाल पांघरून बसल्या होत्या. सुनेने त्यांना आम्ही पोहोचण्याआधीच बाहेर काढले होते.

आत माणूस आहे असे कळल्यावर धुरात एकेक मिनिट मोलाचे असते, हे मी चौकशीत सांगितले आणि आजही सांगेन. पण “आजींना शेवटचं कुणी पाहिलं?” हे विचारायला मिनिटही लागले नसते. मला त्या क्षणी भिंतीची माहिती ऐकू आलीच नाही. चारचौघांत मला अडवले जात आहे, एवढेच ऐकू आले. मामा त्यावर आजवर एक अक्षरही बोललेले नाहीत. ते बोलले असते तर मला सोपे गेले असते.

आता मी आधी विचारतो, “मामा, तुम्हाला काय दिसतंय?” आणि मग ठरवतो. तरी गेल्या पावसाळ्यात त्यांच्याच सांगण्यावरून एका गोदामाबाहेर थांबलो आणि शेजारचे दुकान जळाले. पहिल्या वर्षीचा मी आत शिरलो असतो आणि कदाचित ते वाचलेही असते. दुकानदाराला मी काय उत्तर द्यावे, ते मला अजून सुचलेले नाही.

दर १४ एप्रिलला, १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात मृत्यू पावलेल्या अग्निशमन जवानांसाठी आम्ही रांगेत उभे राहतो. तो जवान यंदा त्या रांगेत होता, किंचित लंगडत. नियंत्रण कक्षातून पुन्हा माझ्याच गाडीवर येण्यासाठी त्याने अर्ज केला आहे. त्यावर माझी शिफारस लागते. अर्ज आठवडाभर माझ्या टेबलावर आहे आणि मी अजून सही केलेली नाही.