आजीला विचारून लिहा: आयर्लंडच्या शाळकरी मुलांनी जमवलेला इतिहास

मराठी वाचकाला आयर्लंड बहुधा टिळकांमुळे ठाऊक झालेला असतो. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावात होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा 'होमरूल' हा शब्दच आयरिश राजकारणातून घेतलेला होता. आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव सुरू झाला. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात ही ओळख येथेच संपते आणि माझीही बरीच वर्षे तेवढीच होती. पुढे आयरिश लोकसाहित्याच्या राष्ट्रीय संग्रहाचे 'दूखस' हे संकेतस्थळ पाहण्यात आले आणि त्यावरची मुलांच्या हस्ताक्षरातली पाने रोज रात्री थोडी थोडी वाचण्याची सवय लागली. 'दूखस' या आयरिश शब्दात वारसा, मूळ स्वभाव आणि जन्मजात ओढ असे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत त्याला एका शब्दाचा पर्याय मला अजून सापडलेला नाही.

ही पाने १९३७ ते १९३९ या काळातली आहेत. आयरिश लोकसाहित्य आयोग, शिक्षण खाते आणि प्राथमिक शिक्षकांची संघटना यांनी मिळून एक योजना आखली. पाचवी-सहावीच्या वर्गांतील, म्हणजे साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठवड्याचा नेहमीचा निबंध माफ करण्यात आला आणि त्याऐवजी घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन, त्यांना विचारून, ती जे सांगतील ते लिहून आणण्यास सांगण्यात आले. आयोगाचे शॉन ओ सुलिवान यांनी शिक्षकांसाठी एक छोटी पुस्तिका तयार केली आणि तिच्यात पंचावन्न विषय सुचवले. पुरलेले धन, गावातले पवित्र झरे, लोणी काढण्याची रीत, भाकरीचे प्रकार, बटाट्याची लागवड, झाडपाल्याची औषधे, आठवणीतली वादळे, फिरस्ते लोक, जुन्या शाळा, मुलांचे खेळ, दुष्काळाचे दिवस असे ते विषय होते. सुमारे पाच हजार शाळांतल्या जवळजवळ पन्नास हजार मुलांनी या कामात भाग घेतला. मुलांनी लिहिलेल्यांतले निवडक मजकूर प्रत्येक शाळेत एका मोठ्या वहीत पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवले जात, आणि सांगणाऱ्याचे नाव, वय व गाव शक्य तेथे खाली नोंदले जाई. या वह्यांचे पुढे अकराशेहून अधिक खंड बांधले गेले.

ही योजना ज्या महिन्यांत चालू होती, त्यांच्याकडे लक्ष दिल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. १ जुलै १९३७ रोजी आयरिश मतदारांनी नव्या राज्यघटनेला मान्यता दिली आणि २९ डिसेंबरला ती अंमलात आली. त्या घटनेने आयरिश ही राष्ट्रभाषा आणि म्हणून पहिली राजभाषा असल्याचे जाहीर केले. जून १९३८ मध्ये डग्लस हाइड हे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. हे हाइड म्हणजे रॉसकॉमन परगण्यातल्या एका प्रोटेस्टंट धर्मगुरूचे पुत्र. त्यांनी आयरिश भाषा कोणत्याही विद्यापीठात नव्हे, तर आसपासच्या कष्टकरी माणसांच्या तोंडून शिकली, आणि १८९२ साली डब्लिनमध्ये दिलेल्या व्याख्यानात आयर्लंडने इंग्रजी अनुकरणातून बाहेर पडण्याची गरज मांडली. पुढच्याच वर्षी आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग स्थापन झाली. तेव्हा राजधानीत देश स्वतःची व्याख्या घटनेच्या कलमांतून लिहीत होता, आणि नेमक्या त्याच काळात खेड्यापाड्यांतली मुले चुलीपाशी बसून तीच गोष्ट अगदी वेगळ्या मार्गाने लिहीत होती. या दोन लेखनांपैकी मला दुसरे अधिक विश्वासाचे वाटते, आणि तसे का वाटते हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

त्यासाठी आधी शाळेचा इतिहास पाहावा लागतो. १८३१ साली ब्रिटिश सरकारने आयर्लंडमध्ये राष्ट्रीय शाळांची व्यवस्था सुरू केली, आणि तिचे माध्यम इंग्रजी होते. मुलाच्या गळ्यात दोरीने एक काठी बांधायची, त्याने आयरिश शब्द उच्चारला की तिच्यावर एक खाच पाडायची आणि संध्याकाळी खाचा मोजून तितके फटके द्यायचे, अशा आठवणी देशाच्या अनेक भागांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. यात केवळ शिक्षकांचा दोष होता असे नाही. पुष्कळ आईबापांनीच ही काठी मान्य केली होती, कारण बोस्टनला किंवा लिव्हरपूलला जाणाऱ्या मुलाला आयरिशचा काही उपयोग नाही हे त्यांना दिसत होते. त्या शाळांमधून शिकलेल्या पिढ्यांनी आपल्या आजीची भाषा सोडली. आणि शंभर वर्षांनंतर त्याच शाळाव्यवस्थेने, अनेक ठिकाणी त्याच इमारतींत, मुलांना सांगितले की आता घरी जा आणि आजीला काय आठवते ते विचारून या. जिने तोंड बंद केले होते तिनेच आता कान उघडले, हा बदल मला कोणत्याही घटनेच्या कलमाहून मोठा वाटतो.

भाषा जाण्यामागे शाळेहून भयंकर कारण दुष्काळाचे होते. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा रोग आला आणि त्यानंतरच्या वर्षांत पीक पुन्हा पुन्हा हातचे गेले. १८४१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती; दहा वर्षांनी ती सुमारे ६५ लाखांवर आली होती. अंदाजे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली, आणि तितकीच देश सोडून गेली. पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या ज्या गरीब भागांत आयरिश बोलली जात होती तेथेच हा घाला सर्वांत जड पडला. मुलांच्या वह्यांत या काळाविषयी जे येते, ते वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: १९३८ मध्ये सत्तरी-पंच्याहत्तरीत असलेल्या आजीने दुष्काळ स्वतः पाहिलेला नव्हता, तिने तो आपल्या आईकडून ऐकला होता. त्यामुळे या नोंदी डोळ्यांनी पाहिलेल्या घटनेच्या नसून घराने जपलेल्या दुःखाच्या आहेत. आमच्या गावात फारसे काही झाले नाही, पलीकडच्या गावात मात्र माणसे रस्त्यावर मेली, अशा तऱ्हेचे कथन या लोकस्मृतीत वारंवार येते. ज्यांची माणसे खरोखर मेली त्यांचे सांगणारे कोणी उरलेच नव्हते, आणि जे उरले त्यांना आपल्या घरची उपासमार उघड करणे लाजेचे वाटत असावे. दुसरा एक प्रकार त्याहून हृद्य आहे: घरातले शेवटचे पीठ किंवा दूध दारी आलेल्या भुकेल्याला देणारी बाई दुसऱ्या दिवशी पिठाची पेटी उघडते आणि ती भरलेली असते. द्रौपदीच्या थाळीवर वाढलेल्या माणसाला ही कथा परकी वाटणार नाही. पण आयर्लंडमध्ये ती सांगितली गेली ती प्रत्यक्ष रिकाम्या पेट्या पाहिलेल्यांच्या वंशजांकडून.

लेखी कागदांकडे वळावे तर तेही फारसे उरलेले नव्हते. स्वातंत्र्यानंतर लगेच पेटलेल्या यादवीत, ३० जून १९२२ रोजी, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स संकुलातील सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत नष्ट झाले. कित्येक शतकांचे दस्त गेले आणि १८२१ ते १८५१ या काळातल्या शिरगणतीच्या मूळ नोंदींपैकी बहुतेक जळाल्या. म्हणजे दुष्काळाआधी कोणत्या घरात कोण राहत होते हे सांगणारा कागद गेला. ज्या राष्ट्राचे दप्तर जळाले, त्याला माणसांच्या स्मरणाकडे जाण्याची निकड अधिक जाणवली असेल, असे मला वाटते.

आयोगाचे संचालक शेमस ओ डुलार्गा यांना ही निकड एका माणसाच्या घरी उमगली. १९२३ मध्ये ते केरी परगण्यातल्या किलरीलिग या समुद्राकाठच्या वस्तीवर शॉन ओ कॉनल नावाच्या सत्तर वर्षांच्या शेतकरी-कोळ्याकडे गेले. ओ कॉनलना लिहिता-वाचता येत नव्हते आणि आयरिशखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. पण त्यांच्यापाशी कथांचे भांडार होते. ऐकणारे कमी होत गेल्यावर, आपण कथा विसरू नये म्हणून, आसपास कोणी नाही असे पाहून ते मोठ्याने, हातवाऱ्यांसह, त्या स्वतःलाच सांगत असत. श्रोता नसताना रानात एकटा कथा सांगणारा तो म्हातारा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ओ डुलार्गांनी त्यांच्याकडून अनेक वर्षे कथा उतरवून घेतल्या. १९३१ मध्ये ओ कॉनल वारले आणि १९४८ मध्ये त्यांचा संग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९३५ मध्ये सुरू झालेल्या आयोगाने पुढे पगारी संकलक नेमले. ते एडिफोन नावाचे जड यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडत, मेणाच्या नळ्यांवर आवाज मुद्रित करत आणि मग शब्दन्‌शब्द कागदावर उतरवत. पैसा इतका तुटपुंजा होता की मजकूर उतरवून झाला की मेणाचा थर तासून तीच नळी पुन्हा वापरली जाई. शब्द राहिले, आवाज बहुतांशी गेले. याची हळहळ वाटते, परंतु तेव्हाच्या त्या माणसांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

मुलांच्या वह्यांकडे परत येतो. त्यांत मला सर्वांत आवडते ते लोणी घुसळण्याचे वर्णन. घुसळण चालू असताना घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने 'या कामाला देवाचा आशीर्वाद असो' असे म्हणून रवीला थोडा तरी हात लावला पाहिजे, नाहीतर लोणी येत नाही, किंवा तो माणूस घरातले लोणी आपल्याबरोबर घेऊन जातो. मे महिन्याच्या पहिल्या सकाळी तर या चोरीची भीती विशेष असे, म्हणून त्या दिवशी घरातून विस्तव, दूध किंवा पाणी बाहेर देत नसत. यातला शहाणपणा शोधून काढण्याची मला गरज वाटत नाही. ज्या घराचे भाडे लोण्याच्या पैशांतून भागवायचे, त्या घरात लोण्याविषयी एवढी धास्ती असणारच. असेच दुसरे प्रकरण गोल मातीच्या बांधांचे. गावोगावच्या शेतांत असे वर्तुळाकार उंचवटे आढळतात. पुरातत्त्वज्ञ त्यांना मध्ययुगाच्या पूर्वार्धातल्या शेतकऱ्यांची तटबंद वस्ती मानतात, तर गावकरी त्यांना परीलोकाचे घर मानत आले. तेथली माती उकरली, तेथले काटेरी झाड तोडले, तर गुरे मरतात किंवा माणसाला खोट येते, अशा कथा वहीमागून वहीत सापडतात. या भयामुळेच असे हजारो बांध नांगराखाली जाण्यापासून वाचले. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटून येथे महामार्गाच्या आड येणारे असेच एक काटेरी झाड वाचवण्यासाठी कथाकार एडी लेनिहन यांनी आवाज उठवला आणि रस्त्याच्या आखणीत ते झाड राखले गेले.

आता या संग्रहाच्या उणिवांविषयी. ही योजना फक्त स्वतंत्र राज्याच्या सव्वीस परगण्यांत राबवली गेली. फाळणीनंतर ब्रिटनकडे राहिलेले सहा परगणे तिच्या बाहेर होते, आणि स्वतः ओ डुलार्गांचे जन्मगाव कुशेंडॉल त्याच सहा परगण्यांपैकी अँट्रिममध्ये आहे. मोठ्या शहरांतल्या शाळांवर ही योजना बंधनकारक नव्हती, त्यामुळे गिरणी, गोदी आणि चाळीवजा वस्त्यांतला आयर्लंड तिच्यात अगदी थोडा दिसतो. खेडे म्हणजेच खरे राष्ट्र हा त्या काळच्या राज्यकर्त्यांचा समज येथे स्पष्ट उमटलेला आहे. परंतु ज्या वेळी घटना आयरिशला पहिली राजभाषा म्हणत होती, त्या वेळी मुलांनी बहुतेक पाने इंग्रजीत लिहिली, कारण त्यांच्या आज्या इंग्रजीत बोलत होत्या. ती इंग्रजी मात्र आयरिश वळणाची, आयरिश शब्दांनी भरलेली आहे. कोणी त्यांना दाखवण्यापुरते आयरिश व्हा असे सांगितले नव्हते. जे घरात आहे ते लिहा एवढेच सांगितले होते. म्हणून कलमांत न मावणारा, दोन भाषांत अडकलेला आणि तरीही आपलाच असलेला देश या वह्यांत सापडतो, आणि माझा विश्वास या लेखनावर बसतो तो यामुळेच.

आयोगाचा हा सारा संग्रह आज डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आहे आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद जागतिक स्मृतीच्या यादीत केली. हस्तलिखित पाने वाचून टंकलिखित करण्याचे काम जगभरचे स्वयंसेवक करतात, आणि या गटाला 'मेहल' असे नाव दिलेले आहे. मेहल म्हणजे सुगीच्या वेळी शेजाऱ्यांनी एकमेकांच्या शेतावर जाऊन विनामोबदला केलेले काम. आपल्याकडे जिला इर्जिक म्हणतात तीच ही रीत. मीही या इर्जिकीत माझी चार पाने घातली आहेत. तेव्हा जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्यांची आठवण होते. त्यांनाही आधी ऐकायला बसावे लागले होते.

मोठ्या वहीत उतरवण्यासाठी शिक्षकाने जे निवडले नाही, तेही फेकून दिलेले नाही. मुलांच्या मूळ वह्यांपैकी सुमारे चाळीस हजार डब्लिनमध्ये जपून ठेवलेल्या आहेत, आणि शिक्षकाला क्षुल्लक वाटलेल्या कितीतरी आज्यांची सांगणी त्यांत अजून आहेत.