लेकीची भाजीबाग

लहान मुलाला हाताशी घेऊन भाजी लावायची असेल, तर स्वयंपाकघराला काय हवे हा विचार बाजूला ठेवावा आणि काय लवकर उगवते एवढेच पाहावे. टोमॅटो, वांगी, मिरची ही मोठ्यांची कामे आहेत; बी पेरल्यापासून फळ हाती येईपर्यंत त्यांना सुमारे तीन महिने लागतात, आणि चार वर्षांच्या मुलीच्या हिशेबात तीन महिने म्हणजे पुढचा जन्मच. मेथीचे तसे नाही. मसाल्याच्या डब्यातले दाणे रात्रभर भिजवून पेरले, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती तडकते आणि वाकलेले पांढुरके कोंब वर येतात. काहींच्या डोक्यावर बियांचे साल टोपीसारखे अडकलेले असते, आणि ते नखाने काढून देणे हे आमच्या लेकीच्या मते बागकामातले सर्वांत तातडीचे काम आहे.

सुरुवात मात्र थंडीत करावी, कारण पावसाळ्यात मेथी पटकन कुजते. गॅलरीत ऊन येत असेल, तर आंब्याची जुनी लाकडी पेटी, माती आणि कुजलेले शेणखत एवढ्यावर भागते. मुलांच्या हाती झारी दिली, की वाफ्याचे तळे होते. त्यापेक्षा छोट्या बाटलीच्या झाकणाला टाचणीने भोके पाडून द्यावीत, म्हणजे पाणी घालण्याचा कार्यक्रम बराच वेळ चालतो आणि रोपेही जगतात.

कोथिंबिरीला धीर लागतो. धन्याचा दाणा म्हणजे दोन बिया पोटात घेतलेले फळ, म्हणून तो पोळपाटावर हलके रगडून दोन फाका करून पेरतात. हे रगडणे मुलांना मनापासून आवडते. पुढचे आठ-दहा दिवस, आणि थंडी कडक असेल तर त्याहूनही जास्त, नुसते वाट पाहणे अजिबात आवडत नाही. मग रोज माती उकरून चौकशी सुरू होते. यावर उपाय म्हणजे काचेच्या पेल्यात ओला कापूस घेऊन पेला आणि कापूस यांच्यामध्ये चवळीचे चार दाणे ठेवणे. मूळ खाली कसे जाते आणि दाण्याची दोन दले उचलून कोंब वर कसा येतो, हे बाहेरून दिसत राहते आणि धने बिचारे सुखाने रुजतात.

आपण लावलेली भाजी मुले आवडीने खातात, असे सांगितले जाते. आमची लेक गॅलरीत उभ्या उभ्या मेथीची कच्ची पाने खुडून खाते, आणि त्याच मेथीची भाजी ताटात आली की तोंड फिरवते. भाजी खपवण्यासाठी बाग करणे मला तरी लबाडीचे वाटते, त्यामुळे मी आग्रह धरत नाही.

खरी गंमत जूनमध्ये लावलेल्या दुधीच्या वेलाने केली. दुधीची पांढरी फुले तिन्हीसांजेला उमलतात. आधी बरेच दिवस नुसती नर फुले येतात, मग एखादी मादी कळी दिसते, आणि तिच्या देठाशी लव असलेला अंगठ्याएवढा दुधी आधीपासूनच असतो. ‘फूल उघडलेच नाही, तर बाळ कुठून आले?’ या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते तिला पटलेले नाही. नर फुलातले परागकण मादी फुलापर्यंत नेण्याचे काम पतंगांचे, पण आमच्या वरच्या मजल्यावर ते क्वचितच फिरकतात, आणि परागकण मिळाले नाहीत तर तो इवला दुधी पिवळा पडून गळतो. म्हणून दिवेलागणीला नर फूल तोडून त्याचे केसर मादी फुलावर अलगद टेकवण्याची जबाबदारी तिने घेतली.

ते फळ धरले, दोन आठवड्यांत काढण्याजोगे झाले, आणि आजी विळी घेऊन बसल्यावर लेकीने ते कापू देण्यास साफ नकार दिला. दुधी वेलावरच जून झाला. पुढचा कापायची परवानगी मिळाली आहे, पण भाजी करायची नाही, फक्त हलवा, या अटीवर.