लिंकच्या खालची ओळ

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते, कापूस वेचणी जोरात, म्हणजे कॉलेजात पोरं कमीच. दुपारी साडेतीनच्या सुमाराला बीए तृतीय वर्षाची एक पोरगी लायब्ररीत आली. सेमिनारला तिनं महदंबेचे धवळे, म्हणजे मराठीच्या आद्य कवयित्रीची लग्नगीतं, घेतले होते. सव्वाचारची एसटी पकडायची होती, ती गेली की मग सहालाच गाडी, आणि तिच्या गावच्या फाट्यापासून पुढं दोन किलोमीटर पायी. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणते, "मॅडम, तुमचं पेज उघडते, पण त्याच्यातली लिंक चालूनच नाही राहिली. सकाळपासून पाहून राहिली मी."

पाहिलं तर पांढरं पान आणि वर बारीक इंग्रजीत, पान सापडलं नाही. चार्जिंग नऊ टक्के. मी माझ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं, तिथंही तेच. एका सरकारी साइटनं सगळे पत्ते बदलून टाकले होते आणि माझ्या मराठीच्या पानावरच्या त्या साइटच्या सगळ्या लिंका मेल्या होत्या, कधी मेल्या ते मला माहीतच नाही कारण दीड वर्षात मी त्या पानाकडं वळून पाहिलं नव्हतं. कपाटातलं पुस्तक संदर्भ विभागाचं होतं, घरी देता येत नाही, म्हणून झेरॉक्स काढून दिली आणि ती पळत स्टँडवर गेली. तिची सकाळपासूनची मेहनत आणि त्या दिवसाचा नेटपॅक माझ्या पानानं खाल्ला, हे मला फार लागलं.

आता हे पान म्हणजे काय ते सांगते. पुस्तकी भाषेत विषय मार्गदर्शिका, परदेशातल्या लायब्रऱ्यांत याला सब्जेक्ट गाइड म्हणतात, आमची पोरं म्हणतात "मॅडमचं पेज". मराठी, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, गृहअर्थशास्त्र, एकेका विषयाला एक पान, त्या विषयासाठी कुठं काय वाचायला मिळते ते एकत्र. मोठ्या विद्यापीठांत यासाठी पैसे देऊन सॉफ्टवेअर घेतात, मी गुगल साइट्सवर फुकटात बनवलंय आणि त्याचा क्यूआर कोड लायब्ररीच्या दारावर आणि झेरॉक्सच्या दुकानात चिकटवलाय. झेरॉक्सच्या दुकानातूनच जास्त उघडल्या जाते, कारण पोरं तिथंच उभी असतात.

त्या रात्री घरी जेवणं झाल्यावर मी एकेक लिंक उघडत बसले, साडेबारा वाजले. मेलेल्या काढल्या, नवे पत्ते शोधून टाकले. आणि हे करता करता माझ्या लक्षात आलं की चालू असलेल्या लिंकासुद्धा पोरांच्या फारशा कामाच्या नव्हत्या, कारण मी नुसती नावं टाकली होती. शोधगंगा. एन-लिस्ट. नॅशनल डिजिटल लायब्ररी. विश्वकोश. माझ्यासारख्या ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या बाईला ही नावं पुरतात, पण पहिल्या वर्षाच्या पोराला शोधगंगा म्हणजे काय कळणार? तो क्लिक करणार, इंग्रजी पान दिसणार, घाबरून बंद करणार आणि यूट्यूबवर जाणार.

तेव्हापासून मी प्रत्येक लिंकखाली एक ओळ लिहिते, जास्तीत जास्त दोन. इथं काय मिळते, लॉगिन लागते का, फाईल किती एमबीची, आणि आत गेल्यावर पहिल्यांदा कुठं दाबायचं. दिवसाला दीड जीबीचा पॅक असतो आणि त्याच मोबाइलवर बापाला बाजारभाव पाहायचे असतात, तिथं दोनशे एमबीचं स्कॅन उतरवा म्हणणं म्हणजे त्या पोराला वाचूच नको म्हणण्यासारखं आहे. एमबीचा आकडा लिहायला लागल्यापासून पोरं विचारून उतरवायला लागली.

शोधगंगेचंच घ्या. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं हे भांडार, देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथं फुकट वाचायला मिळतात, लॉगिनची भानगड नाही. तिथं बहुतेक प्रबंध एका फाईलीत नसतो, प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. म्हणून माझ्या पानावर ओळ आहे, "आधी शेवटची संदर्भसूची उतरवा, ती छोटी असते, त्यातून पुस्तकांची नावं मिळतील, मग लागेल तेच प्रकरण घ्या." एवढ्या एका ओळीनं काम कितीतरी हलकं होते. दुसरी गोष्ट म्हणजे पत्ता कोणता द्यायचा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता कॉपी केला तर तो पुष्कळदा चार दिवसांत मरतो, पण तिथं प्रत्येक प्रबंधाचा कायमचा पत्ता दिलेला असतो, हॅन्डल म्हणतात त्याला, त्यात १०६०३ हा आकडा असतो आणि पुढं त्या प्रबंधाचा नंबर. साइट बदलली तरी हॅन्डल टिकावं म्हणूनच ते केलेलं असते. मी आता जिथं मिळेल तिथं तोच टाकते.

एन-लिस्टचं उलटं आहे. तिथं हजारो जर्नल्स आणि ई-पुस्तकं आहेत पण कॉलेजनं सभासद व्हावं लागते आणि प्रत्येकाचं वेगळं लॉगिन काढून द्यावं लागते. म्हणून ओळ अशी, "माझ्याकडं या, ईमेल सांगा, लॉगिन काढून देते." पासवर्ड विसरला तरी या, असंही लिहिलंय, कारण विसरतातच आणि विचारायला लाजतात.

सगळ्यात जास्त वेळ मात्र स्पेलिंगात गेला. आमचा हा भाग म्हणजे मराठीचं माहेर. रिद्धपूर इथून तासाभराच्या अंतरावर, म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या आठवणी एकेका शिष्याला विचारून विचारून गोळा केल्या आणि तिथं लीळाचरित्र लिहिल्या गेलं, २०२४ पासून तिथं मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालंय. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून तर दर दुसरा सेमिनार महानुभाव वाङ्मयावरच असते. पण पोरगं टाइप करते "लिळाचरित्र", पहिली वेलांटी, आणि पुस्तकाची नोंद आहे "लीळाचरित्र", दुसरी. शोध येते रिकामा. पोराला वाटते पुस्तकच नाही. गावाचंही तसंच, रिद्धपूर, रिद्धपुर, ऋद्धिपूर, सगळं चालते. महदंबा कुठं महदाइसा असते तर कुठं महदाईसा. म्हणून पानाच्या डोक्यावरच मी सगळी रूपं लिहून ठेवली की हे नाही सापडलं तर हे टाकून पाहा. इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं जुनं सरकारी पुस्तक, पाहायचं असलं तर आणखी वेगळी तऱ्हा, १९११ चं आपल्या जिल्ह्याचं गॅझेटियर अमरावती या आजच्या स्पेलिंगानं सापडणार नाही, तेव्हा "अम्राओटी" लिहायचे. यवतमाळचं "येवटमाल". विदर्भ म्हणून शोधलं तर जुन्या कागदांत काहीच मिळत नाही, तिथं "बेरार" आहे. इतिहासाच्या पोरांसाठी ही यादी म्हणजे अर्धं काम.

लीळाचरित्राच्या पानावर अजून एक ओळ आहे आणि ती लिहायला मला दोन दिवस लागले. पोरं वेगवेगळ्या पुस्तकांतून लीळा, म्हणजे स्वामींच्या एकेक आठवणी, घेतात आणि क्रमांक जुळत नाहीत, मग सर म्हणतात चुकीचं लिहिलं. चूक पोराची नसते. मूळ प्रत हरवली, शिष्यांच्या आठवणीतून पुन्हा पाठ तयार झाले, म्हणून पाठ अनेक, आणि ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांच्या आवृत्त्यांत लीळांचे क्रमांक सारखे नाहीत. तर ओळ अशी, "लीळेचा क्रमांक देताना संपादकाचं नाव आणि एकांक, पूर्वार्ध की उत्तरार्ध, कोणता भाग ते लिहाच." आमच्या मराठीच्या सरांनी ती वाचून वर्गात फळ्यावर लिहिली, मला फार बरं वाटलं.

मग युनिकोडचा, म्हणजे मशीनला मराठी अक्षरं ओळखू येतील अशा टायपिंगचा, प्रश्न. जुन्या नियतकालिकांच्या आणि संस्थांच्या कितीतरी पीडीएफ कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप केलेल्या आहेत. डोळ्याला मराठी दिसते, पण आत मशीनला ती इंग्रजी अक्षरांची खिचडीच दिसते, त्यामुळं गुगल तिला शोधू शकत नाही आणि कॉपी केलं की कचरा येते. पोरं म्हणतात मोबाइल बिघडला. मोबाइल चांगला असते. अशा फाईलखाली मी लिहिते, "यात शोध चालत नाही, अनुक्रमणिका पाहून पान काढा," आणि शक्य असलं तर पान नंबर मीच देते.

हे पाहून आजूबाजूच्या गावांतले सार्वजनिक वाचनालयवाले मला फोन करायला लागले. ड वर्गाची, म्हणजे सरकारी श्रेणीत सगळ्यात खालची वाचनालयं, एक खोली, एक कपाट, ग्रंथपाल म्हणजे गावातलाच कोणी शिकलेला पोरगा किंवा बाई, मानधन तुटपुंजं. १९६७ च्या कायद्यानं ही वाचनालयं उभी राहिली, गावोगावी आहेत, पण त्यांना कोणी शिकवायला येत नाही. त्यांच्यासाठी मी वेगळं पान केलं. त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच, पुस्तकाला नंबर कसा द्यावा? तर पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूईच्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६, त्याला १ जोडला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, म्हणजे कादंबरी ८९१.४६३. एवढं सांगितलं तरी अर्धं कपाट लागते. एका वाचनालयातल्या ताईंनी मला फोटो पाठवला, आधी सगळी पुस्तकं उंचीप्रमाणं लावली होती, आता कडेवर पांढऱ्या चिठ्ठ्या आणि त्यावर पेननं नंबर, जाड अक्षरात. तो फोटो मी ठेवलाय.

एक गोष्ट मी करत नाही आणि त्यावरून पोरं नाराज होतात. टेलिग्रामवर फिरणाऱ्या चालू पुस्तकांच्या पीडीएफ मी पानावर टाकत नाही. पोरं म्हणतात, "मॅडम, सगळ्यायच्याच मोबाइलात हाये ते, तुमी काऊन नाही टाकत?" नाही टाकत, कारण त्या लेखकालाही पोट आहे. आपल्याकडं लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात, त्यानंतर पुस्तक सगळ्यांचं. आणि कायदेशीर फुकट इतकं पडलंय की तेच वाचून होत नाही. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर आहेत, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शब्द टाकून शोधता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला विश्वकोश सगळा नेटवर आहे. राज्यशास्त्राचं पोरगं गाइड घेण्यासाठी दीडशे रुपये देते आणि विश्वकोशातली चांगली नोंद त्याला माहीत नसते, याचं मला खरंच वाईट वाटते.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी लिंका तपासते. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर नाही, तिथं माझं लॉगिन आधीच चालू असते त्यामुळं सगळं उघडते आणि आपण फसतो. स्वतःच्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे पोराला जसं दिसते तसं मला दिसते. प्रत्येक पानाच्या खाली तारीख टाकते, शेवटचं कधी पाहिलं ते. मेलेली लिंक सापडली तर आधी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुनी प्रत आहे का बघते, असली की तिचा पत्ता देते. नवीन लिंक टाकताना तिथं स्वतःच एक प्रत जतन करून ठेवते, दोन मिनिटांचं काम आहे. आणि पान वाढू देत नाही. एका विषयाला पंचवीसच्या वर लिंका झाल्या की एक टाकायची तर एक काढायची, कारण मोबाइलवर चार वेळा अंगठा सरकवला की पोरगं थकते.

यंदा एनईपीमुळं, म्हणजे नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणामुळं, फील्ड प्रोजेक्ट आलेत, तर पोरं गावातल्या दंडार या लोकनाट्यावर, पोळ्याला म्हणतात त्या झडत्यांवर, आज्जीच्या ओव्यांवर माहिती मागून राहिली. यावर नेटवर फार थोडं आहे. म्हणून त्या पानावर लिंका कमी आणि प्रश्नच जास्त टाकलेत. कोणाला विचारायचं, रेकॉर्ड करण्याआधी परवानगी कशी घ्यायची, सांगणाऱ्याचं नाव, गाव, वय कसं लिहून ठेवायचं.

धवळ्यांवाली पोरगी आता एमए करते. मागच्या शनिवारी तिचा मेसेज आला, "मॅडम, ओव्यायच्या पेजवरची तिसरी लिंक बंद आहे." मी पाहिली, खरंच बंद होती. जुनी प्रत शोधून पत्ता बदलला आणि खाली तारीख टाकली.