कांपुंग बारूतली न्याहारी
आज सकाळी क्वालालंपूरच्या कांपुंग बारूत नासी लमाक खाल्लं. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, झणझणीत सांबाल (मिरचीची चटणी), तळलेली बारीक सुकी मासळी, शेंगदाणे, काकडी आणि अर्धं उकडलेलं अंडं, सगळं केळीच्या पानात बांधलेलं. टपरीवाल्या मकचिकनी (मलय मावशींना सगळे असंच म्हणतात) पैसे घेण्याआधी मुलांची विचारपूस केली. अंड्यांवरचं सरकारी अनुदान ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झालं, तरी त्यांच्या पुडीतलं अंडं कायम आहे. इथलं किमान वेतन महिना १,७०० रिंगिट (मलेशियाचं चलन). एवढ्यात या शहरात भाडं भरून संसार चालवणं फार जिकिरीचं. तरीही शेजारी बसलेल्या डिलिव्हरीवाल्या पोराने पुडी सोडताच आधी मलाच खायचा आग्रह केला! मकचिकनी ईदला घरी बोलावलंय. सहकुटुंब जाणार.